आठच्या आधीचं शून्य

पाठ टेकली तरी डोळा लागत नाही. लागतोयसं वाटतं, तेवढ्यात पंख्याची कुरकुर पुन्हा कानात शिरते. शुक्रवारची दुपार आहे. नारळाचं दूध काढून ठेवलंय, सरंग्याला मीठ-हळद लावून झालीय, पोळ्या तेवढ्या व्हायच्यात. संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याचे, दिवे लावायच्या आत सगळं आटपायचं, आणि त्याच्याही आधी फोन. आईचा मोबाईल उशाशी ठेवलाय. आठवडाभर तो कपाटात पडून असतो. शुक्रवारी सकाळी मी त्याला चार्जिंगला लावते.

फोन दिमोनाला करायचा असतो. इस्रायलच्या दक्षिणेकडे वाळवंटातलं गाव. तिथे माझी मावशी राहते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे रेवदंड्याचे. मी दुसरीत असताना येरूमावशी नवऱ्याबरोबर तिकडे गेली. आई मागे राहिली, आजोबांजवळ. पुढे लग्न होऊन मी ठाण्याला आले, आणि शेवटची काही वर्षं आई माझ्याकडेच होती. या थंडीत ती गेली.

मावशीला ते माहीत नाही.

आई गेली तेव्हा मावशीच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तिची मुलगी ओर्ना मोडक्यातोडक्या मराठीत मला म्हणाली, "मिलका, आता नको सांगू. डॉक्टर बोलला, धक्का नको. मी सांगेल नंतर." ते नंतर आलंच नाही. मावशी घरी आली आणि तिने आपणहून आईच्या मोबाईलवर फोन केला. मी उचलला. मी फक्त "हॅलो" म्हटलं होतं.

"सिम्हाबाय!" मावशी तिकडून म्हणाली. "किती दिवसांनी गं तुझा आवाज!"

माझा आवाज आईसारखा आहे, हे सगळेच म्हणायचे. मी दुरुस्ती केली नाही. म्हटलं, आज राहू दे, पुढच्या शुक्रवारी सांगू. पुढच्या शुक्रवारी मीच फोन लावला आणि आईसारखी खोकले. मावशीची नजर कमी, ती घरातल्या जुन्या फोनवरच बोलते, त्यामुळे चेहरा दाखवायचा प्रश्न येत नाही. ती बाय म्हणते, मी येरू म्हणते. खरं सांगायचं तर मला ते आवडायलाही लागलं. जगात एक माणूस होतं ज्याच्यासाठी आई अजून ठाण्यात खिडकीशी बसून शेंगा सोलत होती.

पण गेल्या शुक्रवारी मावशी बोलता बोलता थांबली.

"बाय, एक विचारू? बाबा गेले तेव्हा माझा फोन आला नाही, ते तू मनात धरलंस. बोलली नाहीस कधी, पण धरलंस. मला माफ केलंस का गं आता तरी?"

गोष्ट खरी होती. आजोबा अंथरुणाला खिळले ते गेले, तेवढ्या काळात मावशीचा एक फोन आला नाही. ते गेल्याची बातमीही तिला नात्यातल्या दुसऱ्या कोणीतरी कळवली. "बाबा फोनकडे तोंड करून निजायचे," आई सांगायची, "आणि हिला एक फोन करवला नाही." त्यानंतर दोघी बहिणी कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. पुढे वय झालं, मोबाईल आले, बोलणं सुरू झालं. गुडघे, ऊन, मुलं, नातवंडं. त्या विषयाला मात्र कोणी हात लावला नाही.

"केलं गं," मी आईच्या आवाजात म्हटलं. "कधीच केलं."

मावशी रडायला लागली. मी फोन ठेवला, नळाखाली तोंड धुतलं. तेव्हापासून घास गोड लागत नाही आणि झोपेचं हे असं.

पंख्याची कुरकुर थांबलीय. मोबाईल आहे ना जागेवर, म्हणून मी उशाशी हात नेते, तर हाताला लुगडं लागतं. ओलसर.

"सरक जरा," आई म्हणते.

मी सरकते. ती पलंगाच्या कडेला टेकते. पायांना वाळू लागलीय, ती एका पावलाने दुसऱ्या पावलावरची झाडते आहे. केस काळे आहेत, चेहरा मात्र हॉस्पिटलातला. ती गेलीय हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. त्याबद्दल बोलायचं नाही, असं आमचं ठरल्यासारखं आहे.

"लावलास फोन?"

"अजून वेळ आहे, आई. त्यांच्याकडे सकाळच आहे अजून."

"मग लाव की. मला आता ताटकळत बसवत नाही."

मी मोबाईल घेते. आईला नुसत्या नावावर बोट ठेवून फोन लावलेला आवडायचा नाही, आकडे दाबलेले दिसायला हवेत तिला. म्हणून मी एकेक दाबते. अधिकचं चिन्ह. नऊ, सात, दोन. शून्य. आठ.

"शून्य लावलंस."

मी बघते. खरंच, आठच्या आधी शून्य पडलंय.

"तूच शिकवलंस ना मला," आई म्हणते. "घरात लिहिलेला नंबर शून्य-आठने सुरू होतो. तिथल्या तिथे फोन करायचा तर शून्य हवं. इथून करताना देशाचा आकडा लावला की ते शून्य गाळायचं. दर शुक्रवारी सांगायचीस. आणि मी दर शुक्रवारी विचारायचे, का गाळायचं?"

"हो."

"चिडायचीस तू."

"हो, आई."

मी शून्य खोडते. ते जात नाही. पुन्हा खोडते, तर एकाची दोन होतात.

"घाबरू नकोस," आई खालच्या आवाजात म्हणते, "पण मागे लोक खोळंबलेत."

मी वळून बघते. काचेचं दार आहे, दाराबाहेर अलिबागचा एसटी स्टँड. आम्ही दोघी फोनच्या बूथमध्ये उभ्या आहोत, तसले पिवळ्या पाटीचे बूथ असायचे तेव्हा. दोघींना मिळून एकीची जागा. आईच्या लुगड्याला समुद्राचा वास येतोय. बाहेर कोणीच खोळंबलेलं नाही, एक रिकामी एसटी उभी आहे आणि तिचं इंजिन चालू आहे.

समोरच्या भिंतीवर देशांच्या आकड्यांचा तक्ता चिकटवलाय. आई चष्म्याशिवाय वाचते आहे, बोट फिरवत.

"कुवेत नऊ-सहा-पाच. सौदी नऊ-सहा-सहा. ओमान नऊ-सहा-आठ. हे दुबईचं नऊ-सात-एक, आणि लगेच आपलं येरूचं नऊ-सात-दोन." ती बोट तिथेच ठेवते. "सगळे भिंतीला भिंत लावून आहेत की गं."

"तक्त्यावर आहेत."

"मिलू, मी काय बोलते तिच्याशी?"

मला कळतं, पण मी न कळल्यासारखं करते.

"दर शुक्रवारी," आई म्हणते. "मी काय काय बोलते? मला कळायला नको?"

"तू म्हणतेस, गुडघा बरा आहे. तेल चोळल्यापासून."

"कुठलं तेल?"

"निरगुडीचं."

"मला त्याचा वास सोसत नाही."

"विसरले मी."

"आणखी?"

"मासे महाग झालेत म्हणतेस. मालिद्याच्या नवसाला लागणारे पोहे इथे चांगले मिळत नाहीत म्हणतेस. खोकतेस मधूनमधून."

"आणि तुझ्याबद्दल? येरू विचारत असेल ना, मिलका कशी आहे?"

माझे कान तापतात. काचेवर आमच्या श्वासाची वाफ धरलीय, मी ती पुसत राहते.

"तू म्हणतेस, मिलका माझं फार करते. म्हणतेस, लेकीने पांग फेडले."

आई हसते. तिचं ते खरं हसू, तोंडावर पदर धरून.

"म्हणजे तू माझ्या तोंडून तुझंच कौतुक करून घेतलंस?"

"हो."

"मी कधी केलं नव्हतं ना."

"नाही."

ती हसायची थांबते. "करायला हवं होतं," म्हणते. मग काचेचं दार ढकलते. "चल. इथून लागायचा नाही."

दाराबाहेर एसटी स्टँड नाही. आमचं रेवदंड्याचं सिनेगॉग आहे. दुपारच्या उन्हाने खिडक्यांचे रंग फरशीवर पडलेत. प्रार्थनेला कोणी नाही. रिकाम्या बाकांवर, जिथे माणसं बसायची तिथे, एकेक फोन ठेवलाय. काळे, हिरवे, बटणांचे, तुटक्या वायरींचे. एकही वाजत नाही. आई त्यांच्यामधून वाट काढत पुढे जाते, कोणाला धक्का लागू नये अशी अंग चोरून.

"आणि गेल्या शुक्रवारी?" ती मागे न बघता विचारते.

मला पळून जावंसं वाटतं.

"गेल्या शुक्रवारी मी काय म्हणाले, मिलू?"

"माफ केलं म्हणालीस."

ती थांबते. "कोणाला?"

"येरूमावशीला. आजोबांच्या वेळी तिने फोन केला नाही म्हणून. ती रडत होती, आई. तिने सरळच विचारलं. मी काय करणार होते? नाही म्हणू? आणि खरं सांगू तर कुठल्या तोंडाने सांगू, इतक्या दिवसांनी?"

मी भराभर बोलते आहे. आता ती ओरडेल. तिला राग आला की खालचा ओठ आत घ्यायची, तसा ती घेईल, आणि मग जे बोलेल ते मला जन्मभर पुरेल. मी वाट बघते. ती ओरडत नाही. जवळच्या बाकावरचा फोन उचलून मांडीवर घेते आणि त्या जागी बसते. एकदम म्हातारी दिसते आहे. केसही पांढरे झालेत.

"तिने केला होता फोन," आई म्हणते.

"कधी?"

"तेव्हाच. बाबा होते तेव्हा."

"पण तू तर म्हणायचीस..."

"म्हणायचे."

आजोबा कण्हतात. मी दचकून बघते, तर आम्ही त्यांच्या खोलीत आहोत. लोखंडी खाट, खाटेखाली भांडं, खिडकीत वाळत घातलेले पंचे. आजोबा कुशीवर निजलेत. त्यांचं तोंड कोनाड्याकडे आहे, आणि कोनाड्यात फोन आहे. ते आमच्याकडे बघत नाहीत. आई पायथ्याशी उभी राहून त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं करते. तिचे हात ते काम आपोआप करतात.

"त्या वर्षी गावातल्या सगळ्या फोनांच्या आधी दोनाचा आकडा लागला," ती सांगते. "आठवतं? जुन्या नंबरावर लागेनासे झाले फोन."

"आठवतं. मी ठाण्याहून दोन लावूनच फोन करायचे."

"तुला सांगितलं होतं मी. तिकडे येरूला कोण सांगणार? मीच."

"मग?"

"नाही सांगितलं."

आजोबा पुन्हा कण्हतात. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवते.

"बाबा दिवसरात्र येरू येरू करायचे. येरू कधी येणार, येरूचा फोन आला का. यांचं हगणंमुतणं मी काढत होते, मिलू. कूस मी बदलत होते. एक दिवस मी तोंड पुसत होते तर माझा हात धरून म्हणाले, येरू, आलीस का गं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, नाही कळवायचा नंबर. शोधू दे तिला. आमच्यापायी तिनेही जरा झिजावं. महिनाभराने कळवीन म्हटलं." ती पांघरुणाची कड मुठीत धरते. "हे महिनाभर थांबले नाहीत."

"आणि तुला कसं कळलं ती फोन करत होती ते?"

"मी ओळखत नाही तिला? ती रोज लावत असणार. रोज. इकडे हे फोनकडे डोळे लावून पडलेले. मी यांना म्हणायचे, बाबा, तिला सवड नसेल."

ती माझ्याकडे बघते. इतकं उघडं तिने कधी माझ्याकडे बघितलेलं मला आठवत नाही.

"पुढे सगळ्यांना तेच सांगत गेले. सांगून सांगून मलाही तेच खरं वाटायला लागलं. आणि तू तिला माफ केलंस! माझ्या नावाने! अगं, माफी द्यायची नव्हती मला. मागायची होती. हॉस्पिटलात तेवढ्यासाठी फोन मागत होते मी, पण मला आकडेच आठवेनात."

मला ते आठवतं. आई बोटं हवेत फिरवत होती आणि मला वाटलं होतं ग्लानीत आहे. मी तिचा हात धरून पांघरुणाखाली ठेवला होता.

"लाव," आई म्हणते.

कोनाड्यातला फोन काळा आहे, जड, आकड्यांची तबकडी असलेला. माझ्या लहानपणचा. तो या घरातून केव्हाच गेलाय, पण त्याचा रिसीव्हर माझ्या कानाशी आहे आणि आत गुणगुण ऐकू येते आहे. मी शून्याच्या भोकात बोट घालते. तबकडी घट्ट झालीय, गंजलेल्या चक्कीसारखी. शून्य सगळ्यात लांब, पूर्ण फेरी मारून लोखंडी खुंटीशी नेऊन टेकवायचं, मग सोडायचं. तबकडी करकरत मागे येते. पुन्हा शून्य. नऊ. सात. दोन. शून्य. आठ.

बाईचा आवाज येतो. आपण फिरवलेला नंबर अस्तित्वात नाही.

"शून्य घातलंस," आई म्हणते.

"परदेशी लावायचं तर आधी दोन शून्यं लागतात, आई, या फोनवर."

"ती घाल. ती बाहेर पडायची आहेत. आठच्या आधीचं नको."

मी पुन्हा सुरू करते. बोट सोलवटतंय. नऊचं भोक, सातचं भोक. आजोबांचा श्वास मोठ्याने ऐकू येतोय आणि मला कळतंय की त्यांच्याकडे वेळ नाही, मी घाई केली की चुकतं, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ती बाई. अस्तित्वात नाही.

"मला जमत नाही, आई!"

"जमतं. हळू." ती माझ्या मागे येऊन उभी राहते. तिचा हात माझ्या हातावर आहे की नाही सांगता येत नाही, पण बोटाला जोर येतो. "दोन शून्यं. हं. नऊ. सात. दोन. आता सरळ आठ. ते मधलं शून्य घरातल्या माणसांचं, मिलू. बाहेरच्याने ते लावायचं नसतं. मीसुद्धा आता बाहेरचीच."

आठ. मग पुढचे आकडे, एकामागून एक. शेवटचा आकडा मी टेकवते आणि सोडते. तबकडी मागे येते. गुणगुण थांबते. खूप लांबून, वाळूखालून यावी तशी रिंग ऐकू येते.

"हॅलो?" येरूमावशी म्हणते. "बाय?"

मी रिसीव्हर आईपुढे धरते. ती हात मागे घेते.

"धर ना, आई. लागला."

"माझा आवाज नाही पोचत आता तिथवर. तू बोल."

"तुझ्यासारखा काढू?"

"नको. माझा पुरे झाला. तुझ्या नावाने बोल. आणि मी सांगितलं ते सगळं सांग, त्यातलं काही गाळू नकोस."

"ओर्ना म्हणते ती तुटेल."

"तुटायची नाही. इतकी वर्षं माझा राग सोसला तिने. माझं मरण सोसेल."

"हॅलो?" मावशी म्हणते. "हॅलो, बाय? ऐकू येतंय का?"

आजोबांनी डोळे उघडलेत. ते रिसीव्हरकडे बघत आहेत. मी तोंड उघडते.

पंखा कुरकुरतोय. पडद्याच्या फटीतून ऊन माझ्या तोंडावर आलंय आणि उशी घामाने भिजलीय. खोलीत कोणी नाही. फरशीवर वाळू आहे का, म्हणून मी बघते. नाही.

मी उठून पाणी पिते. आईचा मोबाईल कपाटात ठेवून देते आणि माझा स्वतःचा घेते. आकडे एकेक दाबते. एकही चुकत नाही.

"हॅलो?"

"मावशी, मी मिलका बोलत्ये."

"मिलका! अगं, तू? बाय झोपलीय का?"

"ओर्ना आहे का तुझ्याजवळ?"

"आत आहे, स्वयंपाकघरात. का गं?"

"तिला बोलाव. जवळ बसव."

मावशी ओर्नाला हाक मारत नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. मग ती म्हणते, "सांग."

"आई गेली, मावशी. थंडीत गेली. तू हॉस्पिटलात होतीस तेव्हाच."

मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज होतो, ओर्ना हिब्रूत काहीतरी विचारते, मावशी तिला थांबवते.

"मग इतके शुक्रवार?" ती विचारते.

"मी होते."

"गेल्या शुक्रवारी मला माफ केलं, ते कोणी?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मी भिंतीला टेकते.

"मी. मला तो हक्क नव्हता, मावशी. आणि आईलाही नव्हता."

मी सांगते. दोनाचा आकडा, न कळवलेला नंबर, आजोबांनी येरू म्हणून मारलेली हाक, सवड नसेल म्हणून त्यांची काढलेली समजूत. काही गाळत नाही. सांगताना मला आईची इतकी कीव येते आणि इतकी लाज वाटते की मधेच माझा आवाज तिच्यासारखा होतो. मी थांबते, घसा साफ करते, पुन्हा माझ्या आवाजात बोलते.

"तुला कोणी सांगितलं हे?" मावशी विचारते.

"आईने."

"केव्हा?"

"आत्ता."

त्यात तिला काही वेगळं वाटत नाही. "असं," ती म्हणते. मग हळूहळू बोलायला लागते, माझ्याशी की स्वतःशी, कळत नाही.

"रोज लावायचे मी. कामावरून आले की आधी फोन. तुझा मावसा बाजूला उभा राहायचा. म्हणायचा, शून्य काढ. म्हणायचा, शून्य घालून बघ. एक बाई यायची मधे आणि इंग्रजीत काहीतरी म्हणायची. तो म्हणायचा, तुला साधा फोन फिरवता येत नाही. मला वाटायचं खरंच येत नसेल. बाबा गेल्यावर कोणाला विचारायचंही धैर्य झालं नाही. किती वर्षं, मिलका, मी माझ्या हातांकडे बघत बसायचे. म्हटलं, याच बोटांनी घात केला."

आता ती रडते. गेल्या शुक्रवारचं रडणं निराळं होतं, मऊ होतं. हे कोरडं आहे, खरखरीत. त्यात सुटका आहे की संताप, मला ओळखता येत नाही. दोन्ही असेल. ओर्ना फोनजवळ आलीय, "इमा, इमा" म्हणते आहे. तिच्या भाषेत आई.

"मावशी, ती माफी मागत होती."

"आणि तू?"

"मीही मागत्ये."

ती नाक ओढते. पदर किंवा रुमाल तोंडावर फिरल्याचा आवाज येतो.

"आता नाही मला बोलवत," ती म्हणते. "ओर्नाशीही बोलायचंय मला. शब्बाथ होऊन जाऊ दे. रविवारी कर फोन."

"करते."

"मिलका म्हणूनच कर."

फोन बंद होतो. तिने आईला माफ केलं का, मला केलं का, मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मी तशीच भिंतीला टेकून उभी राहते. मग मोबाईल टेबलावर ठेवताना उजव्या हाताचं पहिलं बोट एकदम चुरचुरतं. उजेडाला धरून बघते. पेराच्या आतल्या बाजूला एक खोल लाल वळ उठलाय, अर्धगोल, धातूची कड पुन्हा पुन्हा रुतावी तसा, आणि नखाशेजारची कातडी सोलून निघालीय. मोबाईलच्या काचेने असं होत नाही.

पोळ्या व्हायच्यात. मी कणीक पुढे ओढते, लाटणं हातात धरते. बोट ठणकतंय.